घोडं नेमकं कुठे पेंड खातं? दुखापत ठाऊक असलेला स्पर्धेचा घोडा घेताना

आम्ही पुण्याजवळ एक छोटी रायडिंग शाळा चालवतो. आम्ही म्हणजे तिघं. एक पशुवैद्य, आणि उरलेले दोघं आयुष्यभर घोड्यांमागे लीद उचलत आलेले. व्याख्यान द्यायची सवय नाही, तेव्हा बोलताना कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका फोनवरून ठरला. असा फोन आम्हाला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. बहुतेक वेळा फोनवर एखादी आई किंवा बाबा असतात. मुलगी किंवा मुलगा तीन-चार वर्षं शिकतोय, क्लबच्या घोड्यावर आता भागत नाही, ज्युनियर नॅशनलची स्वप्नं पडायला लागलीत. आणि मग ते वाक्य येतं : "घोडा छान आहे, उडी मस्त मारतो, किंमतही आवाक्यात आहे. फक्त पुढच्या डाव्या पायाला पूर्वी काहीतरी झालं होतं म्हणे. घ्यावा का?"

या वाक्यातल्या 'फक्त' आणि 'काहीतरी' या दोन शब्दांवरच आजचा सगळा वेळ जाणार आहे.

आधी हे बघू की असे घोडे येतात कुठून. आपल्याकडे, म्हणजे पुण्या-मुंबईत, उडीच्या नाहीतर ड्रेसाजच्या स्पर्धेत उतरणारे बरेच घोडे हे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. हिवाळ्यात महालक्ष्मीचा हंगाम, पावसाळ्यात पुण्याचा. थरोब्रेड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पळायला लागतो. इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत; म्हणजे ज्या वयात तो तिथे नाव कमावतो, त्या वयात आमच्या हिशेबाने तो अजून पोरसवदा असतो. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पुष्कळ घोड्यांची शर्यतीतली कारकीर्द संपते. आता मालकाने तो का काढला? काही नुसतेच मंद असतात, त्यांच्यासारखं सोनं नाही. पण बाकीच्यांना काहीतरी झालेलं असतं. पाय गेला, श्वास घोरायला लागला, नाकातून रक्त आलं. म्हणून तो स्वस्त. स्वस्त घोड्यात दोष निघाला की लोक चकित होतात, याचंच आम्हाला नवल वाटतं. दोष आहे म्हणून तर तो तुमच्या दारात आला!

आपल्या लोकांना घोडा पारखता येत नाही असंही नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला जो घोडेबाजार भरतो, तिथे जाऊन बघा. कपाळावरचा भोवरा कुठे, मानेवरचा कुठे, रंग कुठला, पायाला पांढरं किती, कान कसे वळतात, यावर तासन्‌तास चर्चा चालते. एखादा भोवरा अशुभ जागी निघाला की किंमत खाली येते. हौसेच्या घोड्याला ते ठीक आहे, त्याला आम्ही हसणार नाही. पण स्पर्धेच्या घोड्याला भोवरा कुठे आहे याने काही फरक पडत नाही. गुडघ्याच्या खाली काय आहे, याने सगळा फरक पडतो.

तर आता गुडघ्याच्या खाली जाऊ. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण 'काहीतरी झालं होतं' मधलं काहीतरी दहापैकी बऱ्याच वेळा इथेच असतं.

घोड्याला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. स्नायू वर, आणि तिथून खाली उतरणाऱ्या लांबलचक कंडरा, म्हणजे टेंडन. पायाच्या मागच्या बाजूने हात फिरवला तर दोरीसारखी लागते ती वरवरची कंडरा. तिचं काम नुसतं ओढायचं नाही, ती स्प्रिंग आहे. पाय टेकला की ताणायची, उचलला की ताण परत द्यायचा. म्हणून तर एवढं मोठं जनावर एवढं कमी दमून एवढं पळू शकतं. घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि भरधाव गॅलपमध्ये एकेका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पाचशे किलोचा घोडा धरा आणि गुणाकार करा. या वेगात ती कंडरा तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ ताणली जाते. शिवाय ताणलं-सोडलं, ताणलं-सोडलं की थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. गॅलपमध्ये कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्याचं मोजलेलं आहे. आपल्याला ४१ ताप आला तर घरात धावपळ होते.

म्हणजे शर्यतीच्या घोड्याची कंडरा फाटते ती बहुधा एखाद्या अपघाताने नव्हे, ती आतून झिजत आलेली असते आणि एक दिवस तंतू तुटतात. पाय गरम होतो, सुजतो, मागून बघितलं तर धनुष्यासारखा फुगलेला दिसतो.

आता ती भरते का? भरते. पण ज्या कापडाची होती त्या कापडाची भरत नाही. पैठणीला खादीचं ठिगळ म्हणा. ठिगळ मजबूत असतं, काही वेळा मूळ कापडापेक्षा जाड असतं, पण ते मूळ कापडासारखं ताणलं जात नाही. मग ताण कुठे जातो? ठिगळाच्या कडेला, जिथे चांगलं कापड सुरू होतं तिथे. म्हणून दुसरी दुखापत पुष्कळदा जुन्या जागेच्या वर किंवा खाली होते. भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, तेही शिस्तीत : आधी विश्रांती, मग हातात धरून चालवणं, मग पाठीवर बसून नुसतं चालणं, मग थोडा ट्रॉट, आणि प्रत्येक टप्प्याआधी अल्ट्रासाउंड. हे वर्ष कोणीतरी पदरचं घालून काढावं लागतं. विकणाऱ्याने ते काढलं की नाही, हा तुमचा पहिला प्रश्न. 'सहा महिने पॅडॉकमध्ये सोडला होता' हे उत्तर आलं तर समजा की वर्ष तुम्हाला काढायचंय, आणि तोच हिशेब किमतीत धरा.

हे सगळं सांगितल्यावर लोक म्हणतात, मग नकोच. थांबा. आम्ही असे घोडे घेतलेत, आणि आजही घेतो. कारण प्रश्न कंडरेचा एकटीचा नाही, तिच्याकडून काय काम घ्यायचंय त्याचा आहे. जुनी, नीट भरलेली, अल्ट्रासाउंडमध्ये तंतू सरळ रेषेत दिसणारी दुखापत असलेला घोडा शर्यतीला परत नेलात तर धोका मोठा. टेंट पेगिंगला नेलात तरी मोठाच, कारण तिथेही पूर्ण वेगात पळायचंय. आपल्याकडे लष्करात आणि पोलिसांत हा खेळ फार जोरात आहे, आणि शर्यतीतून काढलेला घोडा 'पळतो छान' म्हणून तिकडेच धाडायचा मोह होतो. क्रॉस कंट्री असलेल्या इव्हेंटिंगलाही आम्ही नको म्हणू. ड्रेसाजला खुशाल. आणि उडीला? इथे उत्तर सेंटीमीटरमध्ये द्यावं लागतं. उडी घेताना मागचे पाय काम करतात, पण उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो. ८० सेंटीमीटर, १ मीटरपर्यंत, चांगल्या वाळूच्या मैदानावर, आठवड्यातून एकदा उडी, अशा कामाला असा घोडा वर्षानुवर्षं टिकलेला आम्ही पाहिलाय. त्याच घोड्यावर १.३० मीटरची स्वप्नं बघायची असतील तर दुसरा घोडा बघा.

घोरणाऱ्या घोड्याचंही तसंच. डाव्या बाजूच्या स्वरयंत्राची नस निकामी होते, श्वास घेताना घर्र आवाज येतो, वेगात हवा कमी पडते. उंच घोड्यांत जास्त आढळतं. शर्यतीत हा मोठाच दोष. छोट्या पातळीच्या ड्रेसाजमध्ये घोड्याला बहुधा त्याचं काही वाटत नाही, आवाजाने परीक्षकाचं लक्ष जाईल इतकंच. आमच्याकडे असा एक उंच कुम्मैत घोडा सहा वर्षं होता. आम्ही तो डोळे उघडे ठेवून घेतला आणि एक दिवस पस्तावलो नाही.

आता सांध्यांकडे आणि खुराकडे. वय झालेल्या, अनुभवी स्पर्धेच्या घोड्यात हे दुखणं सापडतंच. मुलांसाठी तर असाच घोडा शोधतात, चौदा-पंधरा वर्षांचा, सगळं माहीत असलेला, पोराला सांभाळून घेणारा. त्याच्या घोट्यात थोडा संधिवात असणार. खुराच्या आत नॅव्हिक्युलर नावाचं एक छोटं नावेच्या आकाराचं हाड असतं, त्याची दुखणी असणार. ती बरी होत नाहीत, सांभाळायची असतात. नाल बदलून, टाच उचलून, काम मोजून. इथवर ठीक.

पण इथे विकणारा हळूच म्हणतो, "काही नाही हो, सकाळी चंदीत एक पुडी टाकली की दिवसभर मस्त चालतो." त्या पुडीचं नाव विचारा. ती बहुधा फिनाइलब्युटाझोन असते, तबेल्यात तिला ब्यूट म्हणतात. वेदनाशामक म्हणून औषध उत्तम. पण आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, नियमांनुसार स्पर्धेच्या वेळी ते घोड्याच्या रक्तात चालत नाही, आणि दिल्यापासून साधारण आठवडाभर ते सापडू शकतं. म्हणजे पुडीवर चालणारा घोडा स्पर्धेच्या आठवड्यात पुडीशिवाय उभा राहणार. मग तो 'स्पर्धेचा घोडा' कसा? आणखी एक प्रकार सांगून ठेवतो. खुराकडे जाणारी नस कापून टाकतात. दुखणं जात नाही, जाणीव जाते. असा बधिर केलेला पाय घेऊन एफईआयच्या स्पर्धेत उतरता येत नाही. आणि नियम बाजूला ठेवा, ज्या पायाखाली काय आहे हे घोड्याला कळत नाही त्या घोड्यावर बसवून मूल तुम्ही उडीवर सोडणार का?

काही गोष्टींत मात्र तडजोड नाही, आणि त्या पायाच्या नसतातच. ग्लँडर्सची तपासणी झालीय का, त्याचा कागद बघा. हा रोग घोड्यातून माणसाला होतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि घोड्यात तो निश्चित झाला तर घोडा मारावाच लागतो. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा अहवाल असला की आम्ही निश्चिंत होतो. बाजारातून घोडा आणून सरळ बाकीच्या घोड्यांच्या रांगेत बांधणारे लोक आहेत. त्यांना आम्ही हात जोडतो.

बरं, घोडा बघायला गेलात. काय करायचं? न सांगता गेलात तर उत्तम. निदान ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. तुम्ही येण्याआधीच घोडा खोगीर चढवून, घामेघूम करून तयार ठेवला असेल तर सईसाशी गप्पा मारा. थंड पाय लंगडतो तो गरम झाल्यावर पुष्कळदा सरळ चालतो. ठाणातून बाहेर येतानाची पहिली वीस पावलं तुम्हाला बघायचीत. कडक जमिनीवर, लगाम सैल सोडून, सरळ ट्रॉट बघा, मग छोट्या गोलावर दोन्ही हातांना. पुढचा पाय दुखत असला तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. मागचा दुखत असला तर पुठ्ठा वर-खाली होतो, तो ओळखायला नजर लागते. पायांवर डागल्याच्या खुणा, भादरलेले केस, एका पायाचा खूर दुसऱ्यापेक्षा अरुंद आणि उभा, हे सगळं बघा. नाल कधी मारली ते विचारा. सईसाला विचारा. सईस खोटं बोलत नाही असं नाही, पण त्याला घोड्याची दया असते.

आणि डॉक्टर तुमचा न्या. विकणाऱ्याच्या तबेल्याचा डॉक्टर कितीही सज्जन असला तरी तो त्यांचा आहे. डॉक्टर पाय मुडपून मिनिटभर धरतील आणि लगेच ट्रॉट करायला सांगतील. दोन पावलं लंगडली म्हणून घाबरू नका. तुम्हीही मिनिटभर उकिडवे बसून धावून बघा. अनेक चांगल्या घोड्यांचे पाय या परीक्षेत थोडे चुकतात. दोन्ही पाय सारखे चुकतात की एकच, ते महत्त्वाचं. एक्स-रेचंही तसंच. पाठीचे मणके एकमेकांना टेकलेले आहेत असं एक्स-रेत दिसणारे किती तरी थरोब्रेड पाठ अजिबात न दुखता काम करतात. चित्रात दिसणारा दोष आणि घोड्याला जाणवणारा दोष या दोन गोष्टी वेगळ्या, आणि डॉक्टरचं कौशल्य त्या दोघांची गाठ घालण्यात आहे. म्हणून डॉक्टरला 'पास की नापास' असं विचारू नका. विचारा, "अमुक मुलगी, आठवड्यातून पाच दिवस, एक मीटरची उडी, पुढची चार वर्षं. या कामाला काय धोका दिसतो?" आणि त्याच दिवशी रक्ताचा नमुना काढून सीलबंद ठेवायला सांगा. घोडा घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी लंगडला तर तो नमुना तपासता येतो. नमुना काढायचा म्हटल्यावर विकणाऱ्याचा चेहरा बघा, तीही एक तपासणीच.

आता कायद्याकडे येऊ. श्रोत्यांत वकील असतील त्यांना गंमत वाटेल. आपल्या देशाच्या करार कायद्यात, १८७२ च्या, सतराव्या कलमात कपट म्हणजे काय हे सांगितलंय, आणि त्याखाली उदाहरणं दिलीत ती चक्क घोड्याची! पहिलं उदाहरण असं की एक जण लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, तो काहीच बोलत नाही. हे कपट नाही. दीडशे वर्षांपूर्वीच कायद्याने सांगून ठेवलंय की नुसतं गप्प बसणं हा गुन्हा नव्हे, डोळे तुमचे तुम्ही उघडा. पुढच्या उदाहरणात घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, तिथे मात्र नात्यामुळे सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण आपल्या कामाचं. घेणारा म्हणतो, तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प बसतो. आता त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच आहे.

याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. प्रश्न विचारा, आणि तो लिहून विचारा. व्हॉट्सअॅपवर विचारलात तरी चालेल. "डाव्या पायाची दुखापत सांगितलीत, त्याशिवाय दुसरी कुठली दुखापत, शस्त्रक्रिया, पोटशूळ, चालू औषध आहे का? नसेल तर नाही असं धरून आम्ही घेतोय." इतकं एक वाक्य. आम्ही हे एकदा केलं नाही.

ती गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका चौदा वर्षांच्या मुलीसाठी घोडा बघत होतो. तिचे वडील नोकरदार, कर्ज काढून घोडा घेणारे. एका तबेल्याच्या मालकांकडे आठ वर्षांचा घोडा होता. मालकांनी स्वतःहून सांगितलं की डाव्या पुढच्या पायाची कंडरा दोन वर्षांपूर्वी गेली होती. जुने अल्ट्रासाउंड काढून दाखवले. इतका प्रामाणिक माणूस आम्हाला फार दिवसांत भेटला नव्हता. आम्ही नवीन अल्ट्रासाउंड केला, तंतू सुरेख भरलेले. दहा वेळा तो पाय दाबला, उचलला, धरला. घोडा ट्रॉटला सरळ. उडीला देखणा. घेतला.

चौथ्या महिन्यात तो लंगडायला लागला. उजव्या पायाने. आम्ही एक्स-रे काढला तर उजव्या खुरातलं नॅव्हिक्युलर हाड पोखरल्यासारखं दिसलं, आणि ते चार महिन्यांचं नव्हतं, जुनं होतं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही डाव्याबद्दल विचारलंत, मी डाव्याबद्दल सांगितलं." खरंच होतं. उजव्याबद्दल आम्ही विचारलंच नव्हतं. आमच्यात एक पशुवैद्य असून आम्ही चाळीस मिनिटं एका पायाकडे बघत बसलो आणि दुसऱ्या पायाचा एक एक्स-रे काढला नाही. एक दोष कबूल केला की बाकीचा घोडा आपोआप निर्दोष वाटायला लागतो. घोडं पेंड खातं ते इथे. त्या मालकांचा राग आम्हाला पुष्कळ दिवस होता, आता स्वतःचा जास्त येतो.

त्या मुलीचा तो हंगाम गेला. तिने एक शब्द बोलून दाखवला नाही, रोज येऊन घोड्याला खरारा करायची आणि घरी जायची. वडिलांचे हप्ते चालू होते. विमा काढला होता, पण आधीपासून असलेलं दुखणं त्यातून वगळलेलं, आणि हे आधीचंच होतं हे आमच्याच एक्स-रेने सिद्ध केलं! शेवटी आम्ही तो घोडा शाळेकडे घेतला, वडिलांना निम्मे पैसे दिले, आणि तो आता सहा-सात वर्षांच्या मुलांना पाठीवर घेऊन वाळूत चालतो. टाच उचललेली नाल, मऊ जमीन, रोज एक तास. खुशीत आहे. मुलीला पुढच्या वर्षी दुसरा घोडा मिळाला, पण ज्या वयोगटात तिला खेळायचं होतं तो गट मागे पडला होता.

किमतीवरून एक सांगायचं राहिलं. महाग घोडा घेतला की हा प्रश्न सुटतो असं नाही. टोटिलास नावाचा ड्रेसाजचा घोडा २०१० मध्ये विकला गेला, तेव्हा तो जगातला सर्वात महागड्या घोड्यांपैकी एक मानला गेला. जगातले उत्तम डॉक्टर त्याच्या दिमतीला होते. तरी दुखापती मागे लागल्या, आणि २०१५ मध्ये आखेनच्या युरोपियन स्पर्धेत तो लंगडतोय असं प्रेक्षकांच्याही लक्षात आलं. हाडाला सूज निघाली, आणि त्याची कारकीर्द तिथे संपली. तेव्हा 'चांगला घोडा घेतला असता तर' असं म्हणणाऱ्या वडिलांना आम्ही टोटिलासची गोष्ट सांगतो. त्यांना फार दिलासा मिळतो असं नाही.

खरा खर्च घोड्याच्या किमतीत नसतोच. पाचशे किलोचा घोडा दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा खातो, वर चंदी. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. सईसाचा पगार, लसी, दात घासणं, जंताचं औषध. दोन वर्षांत घोड्याच्या किमतीएवढा खर्च होऊन जातो, आमच्या अनुभवात त्याआधीच. आणि घोडा पंचवीस वर्षं जगतो. आठ वर्षांचा सदोष घोडा घेतलात, तो बाराव्या वर्षी उडीला निकामी झाला, तर पुढची बारा-तेरा वर्षं तो कुठे असणार? विकायचा? कोणाला? लग्नाच्या वरातीला, टांग्याला, समुद्रकिनाऱ्यावर फेऱ्या मारायला? दुखणाऱ्या पायाचा घोडा कामाला जुंपणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण तो गुन्हा रोज आपल्या डोळ्यांसमोर घडतो, आणि त्यातले कित्येक घोडे कधी ना कधी कोणाच्या तरी मुलीचे लाडके होते. म्हणून आम्ही फोनवर आधी पायाबद्दल विचारतच नाही. आधी विचारतो, हा घोडा निवृत्त झाला की उभा कुठे राहील? याचं उत्तर असेल तर पायाबद्दल बोलू.

वेळ होत आलाय. मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय तो वाचतो. "घोडा घेऊन झालाय, तीन आठवडे झालेत, आज सकाळी लंगडला. काय करू?" ज्यांनी विचारलंय त्यांना : आज त्याच्यावर बसू नका. दुखणाऱ्या पायावर थंड पाणी सोडा, वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. खुरात खिळा किंवा खडा रुतलाय का ते आधी बघा. अर्ध्याहून जास्त वेळा आमची धावपळ खुरातल्या पुवाने झालीय. डॉक्टर येईपर्यंत वेदनाशामक देऊ नका, नाहीतर त्यांना काय बघायचं ते दिसणार नाही. आणि खरेदीच्या दिवशी रक्त काढून ठेवलं असेल तर ती कुपी कुठल्या प्रयोगशाळेत आहे, ते आजच शोधून ठेवा. व्याख्यान संपल्यावर थांबा, आमचा नंबर देतो.